थांबला तो संपत नाही, पण थांबायचे कसे?

जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने खोपोली मागे पडली की बोरघाट सुरू होतो. दहा-पंधरा किलोमीटरच्या अंतरात रस्ता सुमारे 500 मीटर वर चढतो. गाड्यांचे चालक शिंगरोबाच्या देवळाशी हात जोडतात आणि गिअर बदलतात. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत या चढाला स्वतंत्र मान आहे. घाट सर्वांत आधी चढणारा 'घाटाचा राजा' ठरतो, मग पुण्यात तो कितव्याही क्रमांकाने पोहोचो.

कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या कुंभिवलीसारख्या गावांत सायकल आधी शाळेसाठी येते, मग कारखान्याच्या पाळीसाठी. त्यातलाच एखादा मुलगा चढावर इतरांना मागे टाकू लागला की चार गावांत त्याचे नाव होते. सत्कार होतो, फलक लागतो. पण असा स्पर्धक स्पर्धेतून बाहेर केव्हा पडला, हे सहसा कोणालाच सांगता येत नाही. एका वर्षी तो दिसत नाही, पुढच्या वर्षी लोक विचारायचे थांबतात, आणि कधीतरी सायकल माळ्यावर जाते. पदार्पणाची बातमी होते. निवृत्तीची नोंदही राहत नाही.

युरोपातल्या व्यावसायिक सायकलपटूंच्या बाबतीत उलटे आहे. तिथे निवृत्तीची घोषणा कधी करावी, हंगामाच्या सुरुवातीला की शेवटी, कोणाला आधी सांगावे, यावर संघ, प्रायोजक आणि चाहते बारकाईने चर्चा करतात. ती चर्चा बहुतेक वेळा करार आणि प्रसिद्धीपुरती असते. वैद्यकीय नजरेने पाहिले तर हा प्रश्न आरोग्याचाही आहे. दहा-पंधरा वर्षे रोज चार-पाच तास विशिष्ट कामाला जुंपलेले शरीर आणि त्या कामाभोवती बांधलेले मन यांची दिशा बदलायची असते. ती कशी बदलली, यावर पुढची कित्येक वर्षे कशी जाणार हे बऱ्याच अंशी ठरते.

थांबल्यावर शरीरात काय होते?

दमसासाच्या खेळांत हृदयाचा आकार बदलतो. डावा कप्पा मोठा होतो, त्याची भिंत थोडी जाड होते आणि एका ठोक्यात जास्त रक्त बाहेर फेकले जाते. म्हणून मुरलेल्या सायकलपटूची विश्रांतीतली नाडी मिनिटाला चाळीसच्या घरात असू शकते. सामान्य माणसात अशी नाडी दिसली तर डॉक्टर सावध होतील. त्याच्यात ती सरावाची खूण असते. स्नायूंमध्ये केशवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते.

सराव अचानक बंद केला की यातले काही बदल झपाट्याने ओसरतात. 1984 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात, वर्षानुवर्षे दमसासाचा सराव केलेल्या 7 खेळाडूंना पूर्णपणे थांबायला सांगितले होते. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पहिल्या तीन आठवड्यांतच सुमारे 7 टक्क्यांनी घसरली आणि तीन महिन्यांच्या आत एकूण घट 16 टक्क्यांवर गेली. सुरुवातीच्या घसरणीचे मोठे कारण म्हणजे रक्तातील द्रव कमी झाला आणि हृदयाच्या एका ठोक्यात बाहेर पडणारे रक्त घटले. तरीही हे खेळाडू कधीच व्यायाम न केलेल्या माणसांपेक्षा पुढेच होते. स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळे टिकून होते. कमाई जाते, पण सगळी नाही.

हृदयाचा आकार मात्र सावकाश बदलतो. इटलीतील 40 अव्वल खेळाडूंची, त्यांनी स्पर्धात्मक सराव सोडल्यानंतर सरासरी साडेपाच वर्षांनी, पुन्हा तपासणी करण्यात आली. हा अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेकांच्या हृदयाच्या भिंती नेहमीच्या जाडीवर आल्या होत्या. परंतु 22 टक्के खेळाडूंमध्ये डावा कप्पा लक्षणीय मोठाच राहिला होता, आणि त्यात निवृत्तीनंतर वाढलेल्या वजनाचाही वाटा दिसला. हृदय पूर्वपदावर येणे हे केवळ खेळ सोडण्यावर नव्हे, तर सोडल्यानंतरच्या राहणीवरही अवलंबून असते.

भुकेचे गणित याहून अवघड आहे. मोठ्या शर्यतीतील डोंगराळ टप्प्यात सायकलपटू एका दिवसात सहा-सात हजार किलोकॅलरी खर्च करतो. बैठे काम करणाऱ्या प्रौढ पुरुषाला यातला साधारण तिसरा हिस्सा पुरतो. शर्यती थांबतात त्या दिवशी खर्च खाली येतो. ताटातील भाकऱ्यांची संख्या मात्र सवयीने तीच राहते. त्याच वेळी हालचाल कमी झाल्याने काही दिवसांतच स्नायू इन्सुलिनला पूर्वीइतका प्रतिसाद देईनासे होतात. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. आपल्याकडे तो कमी वयात आणि कमी वजनातही होतो, पोटाभोवतीची चरबी लवकर वाढते. खेळाडू म्हणून मिळालेले संरक्षण आयुष्यभराचे नसते.

हाडांची गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. धावणाऱ्याच्या हाडांना पावलागणिक धक्का बसतो आणि त्यामुळे ती घट्ट होतात. सायकलवर वजन खोगिराने पेललेले असते. त्यात वजन कमी ठेवण्यासाठी अपुरे खाणे आले, तर पाठीच्या मणक्यांची घनता कमी होते. पंचविशी-तिशीतल्या रस्ता-शर्यतींच्या सायकलपटूंमध्ये हे दिसून आले आहे. स्त्री सायकलपटूंमध्ये पाळी अनियमित होणे किंवा बंद होणे ही याच उपासमारीची खूण असते. निवृत्ती ही हाडे सुधारण्याची उत्तम संधी आहे; मात्र त्यासाठी कोणीतरी तपासणी करायला हवी.

तरीही सायकल आयुष्य वाढवते

हे वाचून सायकलिंग घातक आहे असा समज होऊ नये. 1947 ते 2012 या काळात टूर द फ्रान्स शर्यतीत उतरलेल्या 786 फ्रेंच सायकलपटूंचा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वयाच्या सर्वसामान्य फ्रेंच पुरुषांच्या तुलनेत त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण 41 टक्क्यांनी कमी आढळले. त्याआधी 2011 मध्ये फ्रान्स, इटली आणि बेल्जियममधील 834 सायकलपटूंच्या नोंदी तपासल्या गेल्या होत्या. त्यांचे आयुर्मान सर्वसामान्यांहून साधारण आठ वर्षांनी अधिक निघाले.

दुसरी बाजू स्वित्झर्लंडमधल्या अभ्यासात दिसते. तेथील 62 माजी व्यावसायिक सायकलपटूंची तुलना त्याच वयाच्या 62 गोल्फपटूंशी करण्यात आली. सरासरी वय 66 होते. हृदयाचा ठोका जिथे निर्माण होतो त्या केंद्राचा बिघाड सायकलपटूंमध्ये 16 टक्के आणि गोल्फपटूंमध्ये 2 टक्के होता. कर्णिकांचे अनियमित ठोके सायकलपटूंमध्ये 10 टक्के होते, गोल्फपटूंमध्ये एकालाही नव्हते. संख्या लहान असली तरी इशारा स्पष्ट आहे. माजी सायकलपटू जास्त जगतो. पण पन्नाशी-साठीत त्याला चक्कर, धडधड किंवा बेशुद्धी जाणवली, तर 'माझी नाडी पहिल्यापासून कमीच आहे' म्हणून त्याने ती अंगावर काढू नये.

वयाचा आकडा पुरेसा नाही

क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या नावावर एक सल्ला सांगितला जातो: 'का थांबतोस?' असे लोक विचारत असतानाच थांबावे, 'का थांबत नाहीस?' विचारू लागण्याची वाट पाहू नये. मर्चंट स्वतः 1951 मध्ये दिल्लीत इंग्लंडविरुद्ध 154 धावा करून, त्याच सामन्यात खांदा दुखावल्यावर, कसोटी क्रिकेटमधून बाहेर पडले. सल्ला मोलाचा आहे, पण त्यात निर्णय प्रेक्षकांच्या प्रश्नावर सोपवला जातो. डॉक्टरला शरीराला विचारावे लागते.

प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता विशीत शिखरावर असते. लांब पल्ल्याच्या शर्यतींत अनुभव, काटकसरीने पेडल मारण्याचे तंत्र आणि वर्षानुवर्षे साठत गेलेला दमसास यांमुळे सायकलपटू पंचविशीनंतर ते तिशीच्या सुरुवातीपर्यंत ऐन भरात असतो. काही जण त्याहून पुढे जातात. स्पेनचा आलेहांद्रो वाल्वेर्दे 2018 मध्ये 38 व्या वर्षी विश्वविजेता झाला आणि 42 व्या वर्षी, 2022 च्या हंगामाअखेर थांबला. उलट जर्मनीचा मार्सेल किटेल टूर द फ्रान्सचे 14 टप्पे जिंकूनही 2019 मध्ये 31 व्या वर्षी थांबला. थकवा आल्याचे त्याने लपवले नाही. मे महिन्यात त्याने संघाबरोबरचा करार संपवला, घोषणा मात्र ऑगस्टमध्ये केली. मधले तीन महिने त्याने स्वतःला दिले.

वयापेक्षा खात्रीच्या काही खुणा आहेत. कठीण सरावानंतर पूर्ववत व्हायला पूर्वी दोन दिवस लागत, आता आठवडा लागतो. सर्दी-खोकला वारंवार होतो. झोप लागत नाही, सकाळची नाडी नेहमीपेक्षा वेगळी पडते. विश्रांती घेऊनही वेग परत येत नाही. जोरात पेडल मारताना एकाच मांडीत ताण येतो आणि थांबल्यावर काही मिनिटांत जातो. ही कंबरेतील रोहिणी अरुंद झाल्याची खूण असू शकते, आणि ती पाठदुखी किंवा स्नायूदुखी समजून वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहते. यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत. रक्तातील लोह कमी असणे, थायरॉइडचा विकार, अपुरा आहार, अतिसराव यांपैकी काही सापडले तर आधी ते दुरुस्त करावे. बऱ्या होणाऱ्या आजाराला निवृत्तीचे कारण करू नये.

ज्या दिवशी विचार करायला वेळ नसतो

काही कारणे मात्र वाट पाहू देत नाहीत. इटलीचा सोन्नी कोलब्रेली ऑक्टोबर 2021 मध्ये पॅरिस-रुबे ही चिखल आणि दगडी रस्त्यांची शर्यत जिंकला. पाच महिन्यांनी, 21 मार्च 2022 रोजी, स्पेनमधील कॅटालोनियाच्या शर्यतीचा पहिला टप्पा दुसऱ्या क्रमांकाने पूर्ण करताच तो रस्त्यावर कोसळला. वैद्यकीय पथकाने छाती दाबून, विजेचा झटका देऊन त्याला परत आणले. पुढे त्याच्या छातीत आयसीडी बसवण्यात आला. हे छोटे यंत्र हृदयाचा ठोका घातक रीतीने बिघडला की आतूनच झटका देते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली.

डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिस्तियन एरिक्सन 2021 मध्ये मैदानावर असाच कोसळला आणि आयसीडी लावून पुन्हा खेळू लागला. मग सायकलपटूला का नाही? इटलीत अशा यंत्रासह व्यावसायिक स्पर्धेला मनाई आहे, हे एक कारण. एरिक्सननेही त्यासाठी इटली सोडून इंग्लंड गाठले. दुसरे कारण कोणीही समजू शकेल असे आहे. फुटबॉलपटूला झटका बसला तर तो गवतावर पडतो. सायकलपटूला घाट उतरताना ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटर वेगात क्षणभर शुद्ध हरपली तर तो स्वतःसह मागच्या सगळ्यांना घेऊन पडेल.

श्रम करताना शुद्ध हरपणे, छातीत दुखणे, घरात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणे या गोष्टी असतील तर पुढची शर्यत आधी रद्द करावी. ईसीजी, इको आणि तज्ज्ञाचा सल्ला यानंतरच पुढचे ठरवावे. हा निकाल विरुद्ध गेला तर लगेच थांबणे हाच योग्य मार्ग असतो. मात्र थांबणे आणि जाहीर करणे एकाच दिवशी व्हायला हवे असे नाही. कोलब्रेली मार्चमध्ये थांबला, नोव्हेंबरमध्ये बोलला.

डोक्याला मार बसल्यावर जास्त जपावे लागते. मेंदूला धक्का बसल्यानंतर काही दिवस ते आठवडे चिडचिड, निराशा, झोपेचा बिघाड आणि निर्णय घेण्यात गोंधळ राहू शकतो. या काळात 'सोडतो' हेही बोलू नये आणि 'पुढच्या रविवारी उतरतो' हेही नाही. लक्षणे पूर्ण निवळल्यावर शांतपणे बोलावे. असे धक्के पुन्हा पुन्हा बसले असतील, तर थांबण्यासाठी तेवढे कारण पुरेसे आहे.

सांगायचे केव्हा?

तातडीचे कारण नसेल तेव्हा प्रश्न खरा अवघड होतो. खेळाडूंच्या निवृत्तीवर मानसशास्त्रज्ञांनी केलेल्या अभ्यासांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. आपल्या इच्छेने, तयारी करून थांबलेल्या खेळाडूला पुढचे आयुष्य तुलनेने सोपे जाते. दुखापतीने, निवड न झाल्याने किंवा करार संपल्याने अचानक थांबावे लागलेल्याला ते जड जाते. 'मी कोण?' या प्रश्नाला 'सायकलपटू' हे एकच उत्तर ज्याच्याकडे असते, त्याला सर्वांत जड.

म्हणूनच पुरेसा आधी केलेला उच्चार उपयोगी पडतो. इटलीच्या विन्चेन्सो निबालीने मे 2022 मध्ये जिरो द'इतालिया ही शर्यत त्याच्या मेसिना या जन्मगावी आली असताना, हंगामाअखेर थांबणार असल्याचे सांगितले. पाच महिन्यांनी लोम्बार्दियात तो शेवटचे उतरला. फ्रान्सच्या तिबो पिनोने जानेवारी 2023 मध्येच ते वर्ष शेवटचे असल्याचे जाहीर केले. त्या जुलैत टूर द फ्रान्स त्याच्या घरापासून जवळच्या डोंगरातून गेली, तेव्हा एका वळणावर त्याच्या चाहत्यांची गर्दी लोटली होती. आपल्याकडे सचिन तेंडुलकरने 10 ऑक्टोबर 2013 रोजी, दोनशेव्या कसोटीनंतर थांबणार असे सांगितले आणि 16 नोव्हेंबरला वानखेडेवर निरोप घेतला. मधल्या पाच आठवड्यांत सामना मुंबईत होणे आणि आईने तो मैदानावर येऊन पाहणे शक्य झाले. निरोपाला वेळ मिळाला की घरच्यांनाही त्यात भाग घेता येतो.

याउलट बेल्जियमचा एडी मर्क्स. पाचशेहून अधिक शर्यती जिंकलेला हा माणूस 1978 मध्ये थकलेल्या शरीराने हंगामात उतरला. मार्चमध्ये शेवटची शर्यत धावला, तेव्हा ती शेवटची आहे हे कोणालाच माहीत नव्हते. मे महिन्यात, तेहतिसावे वर्ष पूर्ण होण्याआधी, त्याने निवृत्ती जाहीर केली. सायकलिंगच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या नावाला निरोपाची शर्यत मिळाली नाही.

आधी सांगण्याचा तोटाही आहे. निरोपाच्या वर्षात प्रत्येक शर्यतीत तोच प्रश्न विचारला जातो आणि मन अर्धे बाहेर पडलेले असते. नेदरलँड्सचा टॉम डुमोलाँ जानेवारी 2021 मध्ये, आपल्याला स्वतःला काय हवे हेच उमगेनासे झाले म्हणून, बिनपगारी रजेवर गेला. परतला आणि त्याच वर्षी टोकियो ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक जिंकला. जून 2022 मध्ये त्याने वर्षाअखेर थांबणार असे सांगितले, पण शरीर आणि मन दोन्ही साथ देईनात, तेव्हा ऑगस्टमध्येच थांबला. ब्रिटनच्या मार्क कॅव्हेंडिशने उलटा प्रवास केला. मे 2023 मध्ये निवृत्ती जाहीर केली, जुलैत टूरमध्ये पडून गळपट्टीचे हाड मोडले आणि त्याने निर्णय एक वर्ष पुढे ढकलला. 3 जुलै 2024 रोजी त्याने टूरमधला 35 वा टप्पा जिंकून विक्रम केला आणि नोव्हेंबरमध्ये सिंगापूरला शेवटची शर्यत धावली. याच कॅव्हेंडिशला 2018 मध्ये नैराश्याचे निदान झाले होते. त्या वर्षी त्याने घाईने सायकल ठेवली असती तर पुढचे काहीच घडले नसते.

या दोघांवरून दोन गोष्टी घेता येतात. घोषणा म्हणजे शपथ नव्हे; शरीराने नवी माहिती दिली तर तारीख अलीकडे-पलीकडे करण्यात कमीपणा नाही. आणि नैराश्यात, अपघातानंतर किंवा मोठ्या पराभवाच्या आठवड्यात घेतलेला निर्णय हा बहुधा त्या आठवड्यापुरता असतो. असा विचार आला तर मनात ठेवावा, उपचार घ्यावेत, सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा तपासावा. तेव्हाही तोच राहिला तर तो खरा.

आधी कोणाला?

क्रम साधा आहे. पहिल्यांदा घरचे, मग डॉक्टर, मग प्रशिक्षक आणि संघ, आणि सर्वांत शेवटी जग. डॉक्टरचे नाव दुसऱ्या क्रमांकावर पाहून आश्चर्य वाटेल. पण सराव कमी करण्याचा आराखडा, चालू औषधे, जुन्या दुखापती आणि हृदयाची तपासणी या गोष्टी घोषणेनंतर मागे पडतात. हार-तुऱ्यांच्या गडबडीत रक्तदाब कोणी मोजत नाही.

कागदोपत्री बाजूही विसरू नये. उत्तेजक चाचणीसाठी नोंद झालेल्या खेळाडूने संघटनेला आणि 'नाडा' या राष्ट्रीय संस्थेला लेखी कळवले नाही, तर त्याच्यावर आपला ठावठिकाणा कळवत राहण्याचे बंधन कायम राहते. वर्तमानपत्रात मुलाखत दिली म्हणजे निवृत्ती झाली असे नियम मानत नाहीत. पुन्हा खेळायचे ठरले तर सहा महिने आधी लेखी सूचना देऊन चाचण्यांसाठी उपलब्ध राहावे लागते. रागाच्या भरात पाठवलेल्या एका पत्राची किंमत अशी अर्ध्या वर्षाची असू शकते.

आजाराबद्दल किती सांगावे, हा सर्वस्वी खेळाडूचा अधिकार आहे. 'वैद्यकीय कारणामुळे' एवढे दोन शब्द पुरेसे आहेत. मात्र सांगितले तर इतरांचा फायदा होतो. कोलब्रेलीची बातमी वाचून ज्यांनी ईसीजी काढला असेल, त्यांच्यापर्यंत कोणतेही वैद्यकीय पत्रक पोहोचले नसते.

ज्यांच्या निवृत्तीची बातमी होत नाही

महाराष्ट्रात सायकलवर पोट भरणारे मोजकेच. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 मध्ये अमेरिका आडवी पार करणारी 'रॅम' ही सुमारे 4800 किलोमीटरची शर्यत नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये ती एकट्याने बारा दिवसांच्या आत पूर्ण केली. या तिघांचा वैद्यकीय व्यवसाय आहे. सायकल ठेवली तरी त्यांच्या नावामागचे 'डॉक्टर' राहते.

घाटमाथ्याच्या आणि तळकोकणाच्या गावांतून येणाऱ्या मुला-मुलींचे तसे नसते. काहींना रेल्वेत, सैन्यात, पोलिसांत नोकरी मिळते. राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. ज्यांना ती मिळते, त्यांच्या निवृत्तीत निदान पगार टिकतो. बाकीच्यांची कारकीर्द बावीस-तेविसाव्या वर्षी संपते. शर्यतीच्या सायकलचे हप्ते राहिलेले असतात, शिक्षण मागे पडलेले असते आणि घरात लग्नाचा किंवा नोकरीचा विषय निघालेला असतो. 'आता बस झाले' हे वडील म्हणतात, मुलगा म्हणत नाही. अशी निवृत्ती लादलेली असते, म्हणून ती मनाला जास्त लागते. वजन वाढणे, व्यसन, एकटेपणा यांची सुरुवात इथून होऊ शकते, आणि दवाखान्यात तो येतो तेव्हा 'माजी सायकलपटू' ही नोंद केसपेपरवर नसते.

अशा खेळाडूलाही घोषणा हवी. पत्रकार परिषद नको. तालमीत, क्लबमध्ये किंवा शाळेच्या मैदानावर, ज्यांच्याबरोबर सराव केला त्यांच्यासमोर 'ही माझी शेवटची शर्यत' असे म्हणणे पुरे. त्या एका वाक्याने त्याची वर्षे मोजली जातात. गावाला त्याचे आभार मानण्याची संधी मिळते आणि त्याला पुढचे काम मागण्याची. केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने 29 ऑगस्ट 2024 रोजी निवृत्त खेळाडूंच्या प्रशिक्षणासाठी 'रीसेट' ही योजना सुरू केली, ती 20 ते 50 वयोगटासाठी आहे. प्रशिक्षक, पंच, फिटनेस मार्गदर्शक, सायकल मेकॅनिक अशा कामांत घाट चढलेल्या माणसाचा अनुभव वाया जात नाही. पण जो निवृत्त झाल्याचे कोणाला माहीतच नाही, त्याला कोणी बोलावणार कसे?

थांबताना आणि थांबल्यावर

• शेवटच्या शर्यतीनंतर सायकल एकदम बंद करू नये. तीन ते सहा महिन्यांत सराव टप्प्याटप्प्याने निम्म्यावर, मग पाव हिश्श्यावर आणावा. त्यानंतर आठवड्यातून किमान 150 मिनिटांचा मध्यम व्यायाम आयुष्यभर ठेवावा.

• सराव कमी होईल तसे आधी साखर, गोड पेये आणि भात-भाकरीचे प्रमाण उतरवावे. डाळी, अंडी, दूध, भाज्या कमी करू नयेत. दर पंधरा दिवसांनी वजन आणि कंबरेचा घेर नोंदवावा.

• आठवड्यातून दोन दिवस वजन उचलण्याचे व्यायाम आणि जमेल तसे चढ-उतार चालणे ठेवावे. हाडांना याची गरज आहे. पाळी अनियमित असल्यास स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटावे.

• निवृत्तीच्या वेळी एकदा ईसीजी, इको, रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे आणि ते कागद जपून ठेवावेत. पुढे कधी तक्रार आली तर तुलनेला ते उपयोगी पडतात. चाळिशीनंतर धडधड, चक्कर किंवा बेशुद्धी आली तर डॉक्टरला खेळाचा इतिहास आवर्जून सांगावा.

• पहिल्या दोन-तीन आठवड्यांत झोप बिघडणे, चिडचिड, उदास वाटणे हे सराव तुटल्यामुळेही होते. ते दोन आठवड्यांहून जास्त टिकले, किंवा जगण्यात अर्थ वाटेनासा झाला, तर लगेच मदत घ्यावी. शासनाची 'टेलि-मानस' ही मोफत मदतवाहिनी 14416 या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते आणि मराठीतही बोलता येते.

• घरच्यांनी 'आता तरी सुटलास' असे म्हणू नये. बरीच वर्षे जे काम रोज पहाटे उठून केले ते संपले आहे. काही दिवस त्याची आठवण निघणारच.

'थांबला तो संपला' हे वाक्य शर्यतीपुरते ठीक आहे. बोरघाट चढणाऱ्याला मात्र दुसरीही गोष्ट माहीत असते. चढ संपला म्हणून कोणी सायकल टाकून देत नाही. गिअर बदलून, ब्रेकवर बोटे ठेवून, मागच्याला हाताने खूण करून पुढे निघतो.